दोन आळ्यांचा जोडस्तंभालेख

६ जानेवारी, सोमवार

नववीला आज सांख्यिकी सुरू केली. पाठ्यपुस्तकातलं उदाहरण होतं गहू आणि ज्वारीच्या उत्पादनाच्या जोडस्तंभालेखाचं. फळ्यावर अक्ष काढून मी वळले, तर चिरागचा हात वर. "टीचर, ज्वारी झाडाला लागते की जमिनीखाली?" वर्ग हसला, पण त्या हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनाही माहीत नव्हतं. यांच्याकडे भाकरी तांदळाची. मी कराडची, माझं बालपण ज्वारीच्या ताटांत गेलं, तेव्हा मला हा अपमान वैयक्तिक वाटला. पण नंतर विचार केला, पोरांचं काय चुकलं? आपण परक्या मुलखातलं धान्य त्यांच्या गळ्यात घालतो आणि वर म्हणतो, आलेख काढा.

शेजारच्या केळीच्या वाड्यांत पाण्याच्या मोटारींची घरघर दिवसभर चालू. ओरडून ओरडून घसा बसला. घरी आल्यावर माझा नवरा संग्राम म्हणाला, "बँकेत निदान एसीचा आवाज असतो." बँकेतल्या माणसाला घशाचं काय कळणार.

८ जानेवारी, बुधवार

सुचलं! गहू नको, ज्वारी नको. विहिरी. मोटारींची घरघर ऐकताना डोक्यात आलं, की या गावात सगळ्यात जास्त बोललं जातं ते पाण्याबद्दल. सांडोरच्या पुढे खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हे गाव आहे. चर्चच्या बाजूला वरची आळी, खाडीच्या बाजूला खालची. वरच्या आळीत ख्रिस्ती कुटुंबं, केळीच्या आणि भाजीच्या वाड्या. खालच्या आळीत हिंदू शेतकरी, भात आणि भाजी. दोन्हीकडे विहिरी. आणि दर उन्हाळ्यात एकच भांडण: विहिरी फार उपसल्या की खाडीचं खारं पाणी आत शिरतं, मग उपसा कोणी कमी करायचा? सगळे तावातावाने बोलतात, मोजत कोणी नाही.

तर नववी मोजेल. प्रत्येक आळीतल्या चार विहिरी. दोरीला दगड बांधून सोडायचा, तळाला टेकला की दोरी किती ओली झाली ते टेपने मोजायचं. आठवड्यातून एकदा, आपापल्या सोयीने. मग सरासरी आणि जोडस्तंभालेख.

वरच्या आळीची प्रमुख फ्लॉसी, खालच्या आळीची मनाली. दोघी पहिलीपासून एका बाकावर बसतात म्हणे. फ्लॉसी पट्टी न वापरता सरळ रेघ मारते, मी दोनदा पट्टी लावून तपासली. मनालीचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात, पण आकडेमोड तोंडावर. मुख्याध्यापक आत्माराम सर म्हणाले, "करा, पण कोणी विहिरीत पडू नका." एवढीच परवानगी हवी होती.

२० जानेवारी, सोमवार

पहिले आकडे आले आणि पोरांचा उत्साह बघून माझाच ऊर भरून आला. फ्लॉसीची टोळी रविवारी चर्चमधली प्रार्थना, म्हणजे मिस्सा, सुटल्यावर जाते. सगळे घरी असतात, मोठी माणसं कठड्याशी उभी राहतात, मुली चांगल्या फ्रॉकमध्ये. शांतपणे मोजून, दोनदा तपासून आणतात. मनालीची टोळी शनिवारी शाळा सुटल्यावर थेट गणवेशात. तिथे मोटारी चालू, पाइपातून पाणी उडतं, आकडा ओरडून सांगावा लागतो, सगळी ओलीचिंब होऊन घरी. मनालीची आई मला रस्त्यात भेटून म्हणाली, "बाय, गनित शिकवता का पोहायला?"

दोघींनी आपापली सोय बघितली, ते चांगलंच. पद्धत दोन्हीकडे तीच, दोरी आणि दगड.

१० फेब्रुवारी, सोमवार

चार आठवड्यांची सरासरी काढली. वरची आळी २.१ मीटर, खालची १.४. मी बघतच राहिले. म्हणजे आमच्यात पाणी कमी, असं खालची आळी वर्षानुवर्षं ओरडत आलीय ते खरं!

कागद मोठा घेतला. फ्लॉसीने शून्यापासून अक्ष काढायला घेतला होता. मी म्हटलं, शून्य ते एक यामध्ये काहीच घडत नाही, ती जागा फुकट जाते. अक्ष एकपासून घे आणि खाली ती नागमोडी खूण कर, म्हणजे अक्ष मध्येच तोडलाय हे कळेल. पुस्तकात चालतं. असं केल्यावर फरक कसा उठून दिसतो! वरच्या आळीचा हिरवा खांब ताडमाड, खालच्या आळीचा निळा त्याच्या गुडघ्याएवढा. मागच्या बाकावरूनही कळेल असा.

मनाली बराच वेळ बघत होती. "टीचर, एवढा कसा फरक? वरच्या आळीतून आमच्याकडे येताना दोनच तर बांध लागतात." मी म्हटलं, "आकड्यांशी वाद घालायचा नसतो, आकडे ऐकायचे असतात." वाक्य मला इतकं आवडलं, की फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं.

आलेखाखाली ठळक लिहायला लावलं: रेखाटन, फ्लॉसी. श्रेय ज्याचं त्याला मिळालंच पाहिजे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तालुक्याच्या गणित प्रदर्शनात आमचा पहिला नंबर! आता जिल्ह्याला. आत्माराम सरांनी सगळ्यांसमोर "संपदाताईंनी शाळेचं नाव काढलं" म्हटलं. मी नम्रपणे मान खाली घातली. खरं म्हणजे मला नाचावंसं वाटत होतं.

दुपारी मनालीचे आजोबा शाळेत आले. धर्मा काका, गावच्या पाणी समितीचे प्रमुख. उन्हाळ्यात मोटारींच्या पाळ्या तेच ठरवतात. आलेखासमोर टोपी काढून उभे राहिले. "बाय, ह्यो कागद आमाला बैठकीला पायजेल. वरसानुवरस आमी सांगतो, आमच्यात पानी नाय. कोन आयकतो?" म्हातारा गहिवरला होता. मी म्हटलं, कागदच काय, मी स्वतः येते.

शाळेतलं गणित गावाच्या कामी येतंय. याहून काय पाहिजे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आत्ता बैठकीतून आले. आनंदाच्या भरात लगेच लिहायला बसले.

समाजमंदिरात दोन्ही आळ्या आल्या होत्या. मी आलेख भिंतीला लावला आणि समजावून सांगितला. खालच्या आळीतून कोणीतरी ओरडलं, "आमच्या तिप्पट पानी हाय यांच्यात!" मी म्हटलं, तिप्पट नाही, आकडे वाचा. पण त्या गलक्यात कोण वाचतो? आणि नागमोडी खूण मी केली होती. नियमात होतं.

वरच्या आळीतून फ्लॉसीचे वडील क्लिफर्ड उभे राहिले. उंच, शांत माणूस. "आमच्या विहिरीत एवढं पाणी आहे असं मला तरी दुपारी दिसत नाही." धर्मा काका म्हणाले, "क्लिफर्ड, कागद तुज्याच पोरीनं काडलाय, खाली नाव हाय तिचं." लोक हसले. क्लिफर्ड खाली बसले.

ठराव झाला. उद्यापासूनच वरच्या आळीच्या मोटारी तीन दिवसांतून एकदा. खालच्या आळीच्या रोज, पहिल्यासारख्या. क्लिफर्डनी यंदा नवी केळी लावलीय, त्यांना अडचण होईल हे खरं. पण न्याय म्हटला की कोणाला तरी थोडं सोसावं लागतंच.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

फ्लॉसी कालपासून आली नाही. ताप असेल, हवा बदलतेय.

मनाली उशिरा आली, प्रार्थना संपल्यावर. पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले, स्कर्ट ओला. विचारलं, उशीर का? म्हणाली, "झाला." जिल्ह्याचं प्रदर्शन तोंडावर आणि पोरींची ही तऱ्हा. तिला पुढच्या बाकावर एकटीला बसवलं. तिने फ्लॉसीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलंही नाही. भांडल्या असतील दोघी. या वयात मैत्री म्हणजे अळवावरचं पाणी.

२ मार्च, रविवार

हे लिहायला बसले आहे आणि सुरुवात कुठून करू कळत नाही.

फ्लॉसी शनिवारीही आली नाही, म्हणून आज तिच्या घरी गेले. मनवेलपाड्याच्या माझ्या घरून रविवारी त्या बाजूला मी कधी गेलेच नव्हते, रविवारी तिथे माझं काय काम? वरच्या आळीत शिरले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कानात दडे बसल्यासारखं. दारात पोचल्यावर समजलं, मोटारींचा आवाज नाही. मला वाटलं, पाळी लागली म्हणून असेल. वाईट वाटलं.

फ्लॉसीची आई क्लेमेंटीन. तिने खुर्ची दिली, सरबत दिलं, चेहऱ्यावर हसू मात्र नव्हतं. फ्लॉसी वाडीत गेलीय म्हणाली. मी बसून राहिले, पोरगी काही आली नाही. लपून बसली असणार माझ्यावर रुसून. बोलायला विषय हवा म्हणून मी म्हटलं, पाळीमुळे आळी किती शांत झालीय.

"पाळीमुळे नाही, टीचर. रविवारी आमच्या आळीत मोटार लागतच नाही. माझ्या सासऱ्यांच्या आधीपासून. शनिवारी संध्याकाळी बंद केली की सोमवारी पहाटे. रविवार देवाचा."

मी विचारलं, खालच्या आळीत? "ते रोज लावतात. त्यांचा कुठे रविवार!"

सरबताचा पेला तसाच हातात राहिला. फ्लॉसीची टोळी मोजायची रविवारी, मिस्सा सुटल्यावर. विहिरी रात्रभर निवांत भरलेल्या. मनालीची टोळी मोजायची शनिवारी दुपारी, मोटारी ऐन जोरात असताना. मी आराम केलेल्या विहिरीची तुलना उपसा चालू असलेल्या विहिरीशी केली. आणि वर अक्ष तोडून दीडपटीचा फरक तिप्पट करून दाखवला.

क्लिफर्ड मागच्या दाराने आले, हात मातीने भरलेले. मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं, की आलेख चुकलाय. ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "चुकला असेल. पण नाव माझ्या पोरीचं आहे, टीचर. मिस्साहून येताना लोक आमच्याशी बोलत नाहीत. आमच्याच आळीतले."

मला रडू आलं. त्यांच्यासमोर नाही, वळणावर आल्यावर.

३ मार्च, सोमवार

आत्माराम सरांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. "संपदाताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. जिल्ह्याचं प्रदर्शन होऊ द्या. पुढच्या वर्षी नवीन आलेख करा, त्यात आपोआप दुरुस्त होईल."

"आणि क्लिफर्डची केळी?"

"केळी काय, पुन्हा लावतील."

मी म्हटलं, सर, प्रदर्शनातून नाव मागे घ्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी शाळेची घंटा विकायला काढलीय. पण शेवटी पत्रावर सही केली. हळूच म्हणाले, "माझ्या नोकरीत शाळा पहिल्यांदाच जिल्ह्याला चालली होती." त्यांचंही वाईट वाटलं. पण मागे हटणार नाही.

फळ्याच्या कोपऱ्यातलं ते वाक्य अजून तसंच होतं. ओल्या फडक्याने पुसून टाकलं.

४ मार्च, मंगळवार

धर्मा काकांकडे गेले. ओटीवर बसून दोरखंड वळत होते. सगळं ऐकून घेतलं.

"बाय, तवा तुमी आमच्या मनालीला बोललात आकडं आयकायचं असतंय. आता बोलता आयकू नका. आमी कोनाचं आयकायचं?"

"माझं मोजणं चुकलं, काका. पुन्हा मोजायला हवं."

"मोजा ना मंग. कोन नको बोलतो?"

मी खूश होऊन उठले आणि फाटकापाशी पोचून थबकले. आता मोजून काय उपयोग! वरच्या आळीच्या मोटारी दोन-दोन दिवस बंद असतात. विहिरी भरलेल्याच असणार. खालच्या आळीच्या रोज चालू. आज मोजलं, तर माझा खोटा आलेखच खरा ठरेल, उलट आणखी खरा! माझ्या चुकीने स्वतःच्या रक्षणाची सोय करून ठेवलीय.

तशीच परत फिरले. म्हटलं, काका, एक रात्र दोन्ही आळ्यांच्या मोटारी बंद ठेवा, मग मोजू. त्यांनी दोरखंड खाली ठेवला. "ह्या उनात, वांगी-मिरची फुलावर असताना, तुमच्या गनितापायी मी आळीला बोलू मोटारी बंद करा? नाय व्हायचं." नातीच्या शिक्षिकेचा मान राखून सांगितलं, पण स्पष्ट सांगितलं.

७ मार्च, शुक्रवार

मनाली रोज उशिरा. रोज चिखल. आज मी फार बोलले तिला. "फ्लॉसी येत नाही, तू उशिरा येतेस, मी काय भिंतींना शिकवू?" ती खाली मान घालून उभी. मग अचानक म्हणाली, "टीचर, पुढच्या शुक्रवारी धुळवड आहे. मी उशिरा येणार नाही." मी म्हटलं, त्या दिवशी शाळाच नसते, शहाणे! वर्ग हसला, तीही हसली. आठवडाभरात पहिल्यांदा.

मी म्हटलं, तुमच्याकडे धुळवड जोरात असणार. "हो ना. होळीच्या सकाळपासून धुळवडीच्या संध्याकाळपर्यंत आळीतलं कोणी शेतात पाय घालत नाय. आजा तर मोटारीच्या पेटीला कुलूप लावतो, कोणी दारू पिऊन हात घालू नये म्हणून."

मी खडू हातात धरून उभी राहिले. मग तास अर्ध्यावर सोडून म्हटलं, मनाली, परत एकदा सांग.

म्हणजे खालच्या आळीचाही रविवार असतो. वर्षातून एकदा.

वरच्या आळीत निरोप पाठवला, गुरुवार-शुक्रवार पाळी आली तरी कोणी मोटार लावू नका. क्लिफर्ड दारोदार फिरले. त्यांच्याशी न बोलणाऱ्यांच्या दारातही गेले म्हणे.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

संग्राम म्हणाला, "सणाच्या दिवशी कोणी विहिरी मोजायला जातं का?" पण गाडी काढून सोडलं मला सांडोरच्या नाक्यापर्यंत. कुरकुर करत का होईना.

मी सकाळी खालच्या आळीत पोचले, तर पोरं आधीच रंगलेली. चिराग पूर्ण हिरवा, फक्त दात पांढरे. मनाली गुलाबी. दोरी, दगड, टेप घेऊन निघालो. या वेळी एकच टोळी, आठही विहिरींना. मी प्रत्येक कठड्यावर ओणवून स्वतः बघत होते. रंगाचे हात लागून दोरी चित्रविचित्र झाली, पण ओली किती ते स्पष्ट दिसत होतं. मी कुठलाही आकडा पोरांना आधी सांगितला नाही, आणि मनातही काही ठरवायचं नाही असं स्वतःला बजावत होते. ते फार अवघड होतं.

धर्मा काकांच्या विहिरीकडून बांध ओलांडून वरच्या आळीत जायला निघालो, तर मनाली म्हणाली, "टीचर, या वाटेने नको, चिखल आहे." मी म्हटलं, मी कराडची, चिखलाला घाबरत नाही. आणि तिथे, क्लिफर्डच्या वाडीच्या कडेला, फ्लॉसी दिसली. डोक्यावर कळशी. नव्या केळीच्या रांगेत एकेका रोपाच्या बुंध्याशी पाणी ओतत होती. कळशी धर्मा काकांच्या विहिरीवरून भरून आणलेली, ती बांधाला लागूनच; क्लिफर्डची विहीर वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला. बांधावर दोघींच्या पावलांनी पायवाट पडली होती.

मी मनालीकडे बघितलं. तिचा सगळा गुलाबी रंग कानापर्यंत गेला.

"रोज सकाळी?"

"हो. फ्लॉसी दिवसभर घालते, मी शाळेच्या आधी. तीन दिवसांतून एकदा मोटार, तेवढ्यावर नवी केळी धरत नाय, टीचर."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही उशीर का झाला ते विचारत होता."

 मी इतके दिवस समजत होते दोघी भांडल्या. मागून धर्मा काका येत होते, अंगावर रंग, हातात नारळ. मला वाटलं आता पोरींना बोलणार. ते कळशीकडे बघून म्हणाले, "पाळी मोटारीला हाय, कळशीला नाय." आणि पुढे गेले.

फ्लॉसीने माझ्याकडे न बघता कळशी खाली ठेवली, हात पुसले आणि आपणहून दोरीचं टोक धरलं. उरलेल्या चार विहिरी तिने आणि मनालीने मिळून मोजल्या.

वरची आळी २.१. खालची २.०. आणि वरच्या विहिरींना तर पंधरा दिवस जास्त आराम मिळालेला, तरी फरक एवढाच. एकाच जमिनीखालचं एकच पाणी.

१६ मार्च, रविवार

संध्याकाळी बैठक. आलेख मी स्वतः काढला. रेघा वाकड्या आल्या. अक्ष शून्यापासून. शेजारी जुना आलेखही लावला.

उभी राहिले आणि म्हणाले, "मागचा आलेख चुकीचा होता. मुलांनी बरोबर मोजलं, मी चुकीचं मोजायला सांगितलं. रेखाटनाखाली फ्लॉसीचं नाव आहे, चूक माझी आहे." मग शनिवार-रविवारचं सगळं समजावलं, आणि अक्ष तोडल्याने खांब कसे फसवतात तेही. सभेत कुजबुज. खालच्या आळीतून एकजण म्हणाला, "आता वरच्या आळीनं जेवन घातलं असंल टीचरला!" हशा पिकला. माझे कान तापले. "सरबत घातलं," मी म्हटलं, "तेही मी अर्धं सोडलं." आणखी हशा. पण या हसण्यात निदान माझ्याकडे बघत होते.

 धर्मा काका नव्या आलेखाजवळ गेले, दोन्ही खांबांवर बोट ठेवलं. जवळजवळ एका उंचीचे.

"म्हंजी पाळी आमालाबी," ते म्हणाले. कोणालाच उद्देशून नाही.

 रोजची मोटार सोडायची म्हणजे काय ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.  बोलण्यासारखं माझ्याकडे आकड्यांशिवाय काही नव्हतं, आणि माझ्या आकड्यांवर एकदा विश्वास ठेवून झाला होता.

काका वळले. "मनाले, आपली हीर कोनी मोजली?"

मनाली उभी राहिली. गाल अजून गुलाबी होते, धुळवडीचा रंग कुठे लवकर जातो. "मी, आजा."

"नीट मोजलीस?"

"दोनदा. फ्लॉसीनं दोरी धरलेली."

"आनि ह्यो आकडा आला तर आपली मोटार बंद ऱ्हाणार, ठाव होतं तुला?"

"ठाव होतं."

म्हाताऱ्याने नातीकडे पाहिलं. मग टोपी डोक्यावर नीट केली आणि सभेकडे तोंड करून म्हणाला, "दोनी आळ्यांना येकच पाळी. येक दिस चालू, येक दिस बंद. कोनाचं कायी म्हननं हाय?" खालच्या आळीतून दोघंतिघं उठून गेले. बाकीचे बसून राहिले. ठराव झाला. 

बाहेर क्लिफर्ड भेटले. केळीची निम्मी रोपं जगतील म्हणाले. निम्मी गेली. माफी मागायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात जोडले आणि निघाले. ती माफी मिळाली की नाही, मला माहीत नाही. मागून फ्लॉसी आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलली.

"टीचर, मी उद्यापासून शाळेत येते. पण परीक्षेत आलेख काढायचा प्रश्न आला तर तो मी सोडून देणार."

 पट्टीशिवाय सरळ रेघ मारणारी पोरगी! रागवावं, समजवावं, काहीतरी मोठं बोलावं असं वाटलं.  फक्त म्हटलं, "सोड. गुण जातील, जाऊ दे. पण दुसऱ्याने काढलेला आलेख समोर आला तर तो वाचायचा सोडायचा नाही."

तिने जरा विचार केला. "आणि तुम्ही काढलेला?"

"तो आधी वाचायचा."

ती मान हलवून बापाच्या मागे गेली. मी रस्त्यावर उभी राहून रडले, या वेळी वळण यायची वाट बघितली नाही. उद्या पहिला तास नववीलाच आहे. मनालीला पुन्हा फ्लॉसीच्या बाकावर बसवायचं आहे.